झुरळाला कडू लागणारं ग्लुकोज

आमच्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलला येणाऱ्या तरुणाला आम्ही भेसळीचं औषध वापरतोस म्हणून बंद केलं. सेक्रेटरी मीच होतो. त्याने ओट्याखाली लावलेल्या जेलच्या ठिपक्यांजवळून झुरळं बिनधास्त फिरत. तो म्हणे, "काका, औषध ओरिजिनल आहे, ती खातच नाहीत." मला ती पळवाट वाटली. मी वाणिज्य शाखेचा. कीटकांवर वाचायला लागलो तो या वाक्यामुळे.

स्वयंपाकघरातलं लहान, फिकट तपकिरी झुरळ ते जर्मन झुरळ. (नावापुरतं जर्मन. 2024च्या एका जनुकीय अभ्यासाप्रमाणे त्याचं मूळ सुमारे 2100 वर्षांपूर्वीच्या भारत-म्यानमार भागात आहे.) 1980च्या दशकात अमेरिकेत त्याच्यासाठी विषारी आमिषं आली. काही वर्षांत फ्लोरिडातल्या एका इमारतीतली झुरळं आमिषाला तोंड लावेनात. विष पचवायला ती शिकली होती का? नाही. ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी आमिषातले घटक एकेक करून दिले, तेव्हा झुरळं टाळत होती ते ग्लुकोज, म्हणजे गोडी. फ्रुक्टोज मात्र ती खात. आमिष कधीच न पाहिलेली त्यांची पिल्लंही तशीच निघाली. हे 1993 साली प्रसिद्ध झालं.

कारण कळायला आणखी 20 वर्षं गेली. झुरळाच्या तोंडाजवळच्या बारीक केसांत चवीच्या पेशी असतात; काही गोडाच्या, काही कडूच्या. या झुरळांत ग्लुकोज कडूच्या पेशीही चेतवतं. तोंडात आलेलं ते थुंकून टाकतात. असा वारसा असलेली थोडी झुरळं इमारतीत असावीत. बाकीची आमिष खाऊन मेली, ही उरली. मादी एका अंडकोषात 30 ते 40 अंडी बाळगते, त्यामुळे फार पिढ्या लागत नाहीत. म्हणून जाणकार कंत्राटदार अशा वेळी विषाचा डोस वाढवत नाही, वेगळ्या गोडीचं आमिष आणतो.

आमच्याकडे हेच झालं असणार, असं मी धरून चाललो होतो. त्याच पावसाळ्यात एका बशीत ग्लुकोजचं पाणी आणि एका बशीत साखरेचं पाणी रात्री जमिनीवर ठेवलं. झुरळं दोन्हींवर तुटून पडली. मग त्या तरुणाची राहिलेली ट्यूब काढली आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर ठिपका देऊन तो कपाटामागे सरकवला. दोन दिवसांत तिथे मेलेली झुरळं सापडली. औषध अस्सल होतं.

फरक जागेचा होता. ओट्याखाली मी रोज रात्री दुकानातला स्प्रे मारत होतो. अशा फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाचं औषध असतं. ते झुरळांना हुसकावतं, आणि जेलवर बसलं की जेलही नकोसं होतं. "काका, इथे स्प्रे मारू नका," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी फोन केला तेव्हा त्याचा नंबर बंद होता.