टॅक्सीत लागतो का?

कोलकात्याच्या खिदिरपूरमध्ये आमच्या ॲम्बॅसडरचं काही बिघडलं की मिस्त्रीचाचा निकामी झालेला भाग हातात घेतात, फडक्याने पुसतात, उलटसुलट करून बघतात आणि हाताखालच्या पोराला विचारतात, "टॅक्सी में लगता है?" उत्तर 'हो' आलं तर गाडी संध्याकाळी घरी. 'नाही' आलं तर ती ठोकळ्यांवर चढते आणि जुन्या सुट्या भागांसाठी माझ्या मल्लिक बाजारच्या फेऱ्या सुरू होतात.

गाडी १९७८ सालची, मार्क थ्री, पेट्रोल. बाबा गोदीतल्या नोकरीमुळे कोकणातून इथे आले आणि इथलेच झाले. गाडी त्यांनी घेतली. हजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीला आम्ही सगळे तिच्यातूनच जायचो. पुढच्या सलग सीटवर तिघं, मागे मावतील तितके. "इतकी वर्षं गाडी सांभाळली हो तुम्ही!" असं पाहुणे म्हणतात आणि आम्हीही ते कौतुक पदरात पाडून घेतो. पण हिशेब नीट मांडला तर ही गाडी आम्ही नाही, कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी जगवली.

ॲम्बॅसडर मूळची ब्रिटनमधली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात बांधायला घेतली. हुगळीच्या पश्चिम काठावरच्या त्या वस्तीला रेल्वेचं स्वतःचं 'हिंदमोटर' स्टेशन मिळालं. इंजिनं बदलली, जाळी आणि दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला, पण पत्र्याचा सांगाडा, दारं आणि पुढच्या चाकांची बांधणी बरीचशी तशीच राहिली. टॅक्सी बहुतेक डिझेलवर धावायच्या, आमची पेट्रोलवर. म्हणजे इंजिनाचं नातं दूरचं, पण चाकं, काचा, दारांच्या कड्या सख्ख्या. शहरात हजारो टॅक्सी रोज झिजत होत्या, म्हणून त्यांचे सुटे भाग बनत होते, आणि त्या ढिगातून एखादा आम्हाला मिळत होता.

या गाडीचं खरं राखणं ग्रीसमध्ये आहे. नव्या गाड्यांना बॉल जॉइंट असतात, ते कारखान्यातून भरून येतात आणि झिजले की बदलतात. ॲम्बॅसडरचं पुढचं चाक किंगपिनवर वळतं आणि किंगपिनचा खालचा भाग ट्रनियनमध्ये आट्यांनी बसलेला असतो. या आट्यांना ग्रीस मिळालं नाही की ते कोरडे घासतात, झिजतात आणि हाताबाहेर गेलं तर चाक भर रस्त्यात आत दुमडतं. रस्त्याच्या कडेला एक चाक पसरून बसलेली ॲम्बॅसडर इथल्या जुन्या माणसांनी पाहिलेली आहे.

चाचांची पद्धत ठरलेली. गाडी जॅकवर घेऊन चाक अधांतरी करायचं. वजन चाकावर असताना ग्रीस भरलं तर ते मोकळ्या बाजूलाच जातं, जिथे भार आहे तिथे पोचतच नाही. मग ग्रीस भरायचा निपल फडक्याने स्वच्छ पुसायचा, नाहीतर तोंडाशी बसलेली वाळू ग्रीसबरोबर आत जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. हातपंप लावायचा आणि दाबत राहायचं. आधी कडेने काळंकुट्ट किंवा पाण्याने फिकुटलेलं जुनं ग्रीस बाहेर येतं. त्यामागून नवं, स्वच्छ ग्रीस दिसलं की थांबायचं. एखाद्या निपलमधून काहीच आत जात नसेल तर चाचा पंप बाजूला ठेवून निपल काढतात, डिझेलमध्ये बुडवतात, तारेने मोकळा करतात. "ऊपर से लगा देने से नहीं होता," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता घरात कुणी वरवरची कामं केली की मीच ते म्हणतो.

झीज ओळखायचीही युक्ती आहे. अधांतरी चाक वरखाली धरून हलवायचं. खटखट लागली तर ती बेअरिंगची की किंगपिनची? पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि मागची पट्टी एक होतात, त्यामुळे बेअरिंगची खटखट थांबते. तरीही चाक हललं तर दोष किंगपिनचा. दोन माणसं, एक जॅक, यंत्र कुठलंच नाही.

खिदिरपूरच्या मिस्त्रींना टॅक्सीइतकाच ट्रकांचाही आधार आहे. इथली गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. आज तिच्या आसपासच्या रस्त्यांवर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग हटत नाही. ट्रक आहेत म्हणून पाटे बसवणारे आहेत, लेथवाले आहेत, रेडिएटर डाखणारे आहेत. आमच्या मागच्या स्प्रिंगचा मुख्य पाटा तुटला तेव्हा बारा चाकी ट्रकाच्या पाट्यांशेजारी आमचा पाटा खेळण्यातला वाटत होता, पण कारागिराने त्याला ट्रकाच्याच गांभीर्याने कमान दिली.

सगळ्यात मोठा शत्रू गंज. इथली हवा वर्षातले कितीतरी महिने ओली, आणि पावसाळ्यात डायमंड हार्बर रोडच्या आसपासच्या गल्ल्या तुंबतात. २०२५ च्या २३ सप्टेंबरला पहाटेपर्यंत कोलकात्यात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, तेव्हा गाड्या दारांपर्यंत बुडाल्या. असं पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवायची घाई करायची नाही. आधी एअर क्लीनर उघडायचा. मग गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं तेल थोडं बाहेर काढून बघायचं; दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदलायचं. ब्रेकचे ड्रम उघडून सुकवायचे. आणि पायाखालचं मॅटिंग त्याच दिवशी बाहेर. ते दमट राहिलं की फ्लोअर खालून नव्हे, वरून सडतो.

ॲम्बॅसडरला ट्रकासारखी वेगळी चासी नाही, तिचं अंगच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालची पोकळ पट्टी सडली की प्रश्न दिसण्याचा राहत नाही. डेंटिंगवाला आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभदतो. तिथे खूण करून तो कापत जातो, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. बोटाएवढं भोक दिसत होतं ते बघता बघता वीतभर लांब होतं, आणि मालकाचा चेहरा उतरतो. कापण्याआधी मात्र तो गाडीला मधोमध टेकू देतो आणि दारं लावून फटी बघून ठेवतो. कापलेल्या जागी अंग बसलं आणि तसंच वेल्ड झालं तर दार जन्मात नीट लागायचं नाही. नवा पत्रा सलग जोडत नाहीत. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, म्हणजे पत्रा तापून पिळवटत नाही. मग रेड ऑक्साइड, वरून डांबरी लेप, आणि पोकळीत जुनं इंजिन ऑइल. खालची पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना, हे शेवटी बोट घालून बघायचं. लेप लावणाऱ्याच्या उत्साहात तीच आधी बुजतात.

इंजिनाने मात्र फार छळलं नाही. १४८९ सीसीचं हे बीएमसीचं इंजिन साधं, जड आणि सोशीक. काळाने त्याला दोन धक्के दिले. २००० साली देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखं जपायचं. ते गेल्यावर एक्झॉस्टच्या सीट आत खचायला लागल्या. हेड काढून कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या. आताचा धक्का वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घालणं एवढाच उपाय. या दोन्ही दुखण्यांत टॅक्सी कामाला आली नाही, कारण ती डिझेलची. मदत झाली ती साता समुद्रापलीकडून: याच जातीचं इंजिन एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांत होतं आणि ब्रिटनमधले हौशी लोक त्या अजून चालवतात, म्हणून एसयू कार्ब्युरेटरचे भाग तिथे आजही नवे बनतात.

कागदांचं राखणं वेगळं. १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी नवी करायची, कोलकात्यात त्यासाठी बेलतलाचं वाहन कार्यालय गाठायचं. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० केली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. आणखी एक वाट आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. आमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. वारशाचा मान मिळाला की ऑर्फनगंज बाजारातून भाजी आणायची सोय गेली. आम्ही अजून ठरवलेलं नाही.

ठरवायला वेळही फार नाही, कारण टॅक्सी संपत आल्या. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९३ पूर्वीची व्यावसायिक वाहनं ३१ जुलै २००९ नंतर शहरातून हटली. त्यांच्या जागी नव्या ॲम्बॅसडर टॅक्सी आल्या आणि मल्लिक बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांचा पूर आला. आमच्यासारख्यांची चंगळ झाली. पण टॅक्सी १५ वर्षांनी हटवायचा नियम त्या नव्यांनाही होताच. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचं उत्पादन थांबलं होतं. मग २०२४ पासून २००९ ची टॅक्सी गेली की तिच्या जागी ॲम्बॅसडर येणं शक्यच उरलं नाही. २०१७ मध्ये प्यूजोने ८० कोटी रुपये मोजून 'ॲम्बॅसडर' हे नाव घेतलं. नावाला गिऱ्हाईक मिळालं, ट्रनियन कोण बनवणार?

मुंबईकरांना हे नवं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तिकडे घरची पद्मिनी जपणाऱ्यांनी त्याआधीच आपापले साठे करून ठेवले.

आम्हीही यादी केली, चाचांना शेजारी बसवून. जे इथे बनवता येतं ते साठवायचं नाही: किंगपिनचे बुश लेथवर होतात, गॅस्केट शीटमधून कापतात, पाटे ट्रक आहेत तोवर मिळतील. जे ब्रिटनहून येतं तेही नाही. साठवायचं ते फक्त टॅक्सीबरोबर जाणारं: ट्रनियन, टॉर्शन बार, समोरची काच, दारांचं रबर. स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे या यादीत घालायला उशीर झाला. नंतरच्या टॅक्सींचा गिअर खाली फ्लोअरवर आला आणि ते भाग केव्हाच दुर्मीळ झाले. रबर पडून राहिलं तरी कडक होतं, म्हणून ते थोडंच. काच मात्र दोन.

परवा भाच्याने विचारलं, जन्मभर टिकवायची म्हणून गाडी घ्यायची तर कुठली घेऊ? चाचांनी मान वर न करता उत्तर दिलं: जी टॅक्सीत सगळ्यात जास्त दिसते ती. हल्ली इथे पिवळ्या रंगात वॅगन आर धावतात. भाच्याला ते फारसं आवडलं नाही, पण सल्ला पक्का आहे.