बैलाच्या अंगावरची गोम अन् बांधावरची गोम : शब्द एक, अर्थ तीन

नांदेड/लातूर : हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, बैल घेणारा आधी दात बघतो, खूर बघतो, मग अंगावर ‘गोम’ आहे का ते बघतो. गोम दिसली की सौदा अडतो, नाहीतर भाव पाडून मागतात. ही गोम म्हणजे किडा नव्हे. दोन बाजूंचे केस समोरासमोर येऊन जी रेघ उठते, ती गोमीसारखी दिसते, म्हणून तेच नाव. घोड्याच्या अंगावरही ती बघतात. काही जागची गोम अशुभ मानतात.

जनावर दिसायला धडधाकट, पण कुठंतरी गोम असते. तसंच लपलेल्या दोषालाही गोम म्हणतात. ‘खरी गोम इथंच आहे’ असं आपण सहज बोलून जातो.

शब्द मात्र लई जुना. प्राकृतातल्या जैन ग्रंथांत ‘गोम्ही’ येते, ती त्वचा, जीभ आणि नाक अशी तीनच इंद्रियं असलेल्या जिवांचं उदाहरण म्हणून. संस्कृतात ‘शतपदी’ म्हणजे शंभर पायांची आणि ‘कर्णजलौका’ म्हणजे कानातली जळू. कानात शिरण्याची हीच भीती हिंदी-उर्दूतल्या ‘कानखजुऱ्या’त आहे. देगलूर-बिलोलीच्या पलीकडं तेलुगूत ती ‘जेर्री’, उदगीर-निलंग्याच्या पलीकडं कन्नडात ‘जरी’.

शंभर पाय मात्र कधीच भरत नाहीत, कारण मोठ्या गोमीच्या पायांच्या जोड्या विषम असतात. आपल्याकडच्या मोठ्या गोमीला बहुधा 21 जोड्या, म्हणजे 42 पाय.

पेरणीनंतर सोयाबीनची कोवळी रोपं कुरतडणारी ‘वाणी’ किंवा ‘पैसा’ ही कीड वेगळी. तिला बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात अन् हात लावला की ती वेटोळं करते. गोमीला प्रत्येक वळ्यावर एकच जोडी. ती किडे खाते, पीक नाही. म्हणून वाणीच्या रागानं गोम मारण्यात फायदा नाही. चावली तर खूप आग होते. जागा साबण-पाण्यानं धुवावी. दम लागला, चक्कर आली किंवा सूज वाढत गेली, तर थेट दवाखाना गाठावा.

राहिली बैलाची गोम. केसांच्या वळणानं बैलाची ताकद कमी होत नाही. त्याला चालवून बघावं, औताला जुंपून बघावं, दात-खूर तपासावेत. नडीपायी बैल विकायला आणणाऱ्याचे पैसे मात्र या एका रेघेपायी जातात. खरी गोम तिथंच आहे.