समोरून जहाज आलं, तर वाट कोणी सोडायची?

उन्हाळा आला की ब्रॅम्पटन-मिसिसागातली आपली मंडळी कयाक भाड्याने घेऊन ऑन्टॅरियो सरोवरात उतरतात. टोरंटो बंदरात त्याच पाण्यात बेटांवर जाणाऱ्या फेऱ्या असतात, आणि रेडपाथच्या कारखान्याला कच्ची साखर घेऊन येणारी मोठी जहाजंही. पॉडकास्टच्या या भागात जे आकडे बोलताना निसटले, ते इथे देतो.

‘इंजिनवाल्याने बिनइंजिनवाल्याला वाट द्यायची’ हा समज अर्धाच खरा आहे. मोकळ्या पाण्यात इंजिनवाली बोट शिडाच्या होडीला वाट देते. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला ९ वा नियम अरुंद चॅनलसाठी वेगळं सांगतो. जे जहाज चॅनलबाहेर सुरक्षित जाऊच शकत नाही, त्याची वाट २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या होडीने अडवायची नाही. कयाकही यात आलीच.

असं का? पहिलं कारण खोली. सेंट लॉरेन्स सीवेमधून येणारं जहाज २२५ मीटरपर्यंत लांब आणि पाण्याखाली ८ मीटर खोल असू शकतं. बाजूच्या उथळ पाण्यात ते रुतेल. तुमच्या कयाकला मात्र हातभर पाणी पुरतं.

दुसरं, थांबणं. पूर्ण वेगातलं जहाज उलटं इंजिन लावून साधारण १५ लांबींच्या आत थांबावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. २२५ मीटरच्या जहाजासाठी हे अंतर होतं जवळजवळ ३.४ किलोमीटर! बंदरात वेग कमी असतो, पण ‘ब्रेक मारला आणि थांबलं’ असं तिथेही होत नाही.

तिसरं, दिसणं. नियमानुसार जहाजाच्या पुढच्या टोकासमोरचं पाणी दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल तेवढ्या अंतरापर्यंत कॅप्टनला दिसलं नाही तरी चालतं. म्हणजे तुम्हाला जहाज स्पष्ट दिसतंय, पण तुम्ही त्याला दिसताय असं नाही.

आता एक सोपं गणित. ताशी ५ किलोमीटरने वल्हवत २०० मीटरचं चॅनल ओलांडायला जवळपास अडीच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात १० नॉटने येणारं जहाज पाऊण किलोमीटर पुढे सरकतं. म्हणून ‘अजून लांब आहे’ हा डोळ्यांचा अंदाज फसवा असतो.

त्यापेक्षा कोन बघा. आपली दिशा आणि वेग तोच ठेवा. जहाज कयाकच्या टोकाकडे सरकतंय? ते तुमच्या पुढून जाईल. मागे सरकतंय? मागून जाईल. जागा तीच आणि आकार वाढतोय, तर टक्कर ठरलेली आहे. जहाज खूप मोठं किंवा अगदी जवळ असेल तर कोन थोडा बदलला तरी धोका टळला असं समजू नका. जहाजाचं एक टोक चुकलं, तरी दुसरं शिल्लक असतं.

मुंबईतही प्रश्न हाच आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडूनच जातात. पण इथे शिकलेली एक गोष्ट तिथे उलटी होते. कॅनडात बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे असतो, भारतात डावीकडे. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत, आणि आपले दोन देश दोन बाजूंना पडले. सुट्टीत कोकणात होडी चालवायला घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? चॅनलला समांतर जायचं असेल तर बोयांच्या रांगेबाहेर, उथळ बाजूने जा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात, एकदम, आणि जहाज पुढे गेल्यावर त्याच्या मागून. वळणावर बाहेरच्या बाजूला थांबू नका, कारण वळताना जहाजाची शेपटी तिकडेच फिरते. भोंग्याचे पाच किंवा जास्त छोटे, झटपट आवाज आले तर अर्थ असा: ‘तुमचा इरादा मला कळत नाहीये.’ तेव्हा वाद घालू नका, स्पष्ट दिसेल असं वळून बाजूला व्हा.