पायाखालची वायर

आधीच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे ठरवायला मला अजूनही ५ सेकंद लागतात. म्हणून या लेखातले हिशोबाचे आकडे अंकांतच लिहिले आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक मंडळ बघून घेईल!

दर वर्षी मॅगझिनच्या मराठी विभागात पहिला पाऊस, आई आणि हॉस्टेलची मेस यांच्यावर लेख येतात. मीसुद्धा मेसवरच लिहिणार होते. पण मला जमिनीवर लिहायचंय. म्हणजे गॅदरिंगच्या मांडवात एका दिवसापुरती अंथरतात त्या जमिनीवर, आणि तिच्याखालून जाणाऱ्या वायरींवर. का, ते सांगते.

गेल्या वर्षी मी लाइट्स कमिटीत होते. स्टेज मैदानाच्या एका टोकाला, कंट्रोलचं टेबल प्रेक्षकांच्या मागे, मधे ५० मीटर. मांडववाल्याने मैदानावर हिरवं मॅटिंग अंथरलं होतं. वायर मॅटिंगवरून नेली तर लोक अडखळतात आणि फोटोत घाण दिसते, म्हणून आम्ही ती खालून सरकवली. थोडी कमी पडली. मग मी दोन तुकडे पिळून जोडले, वर इन्शुलेशन टेपचे चार वेढे मारले आणि मॅटिंग नीट ओढून घेतलं. "एकदम क्लीन दिसतंय," असं सर म्हणाले. काय कॉलर ताठ झाली होती माझी!

चार वाजता धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं. पाच वाजता मेसमधला एक मुलगा खुर्च्या लावायला आला. आमच्याच वयाचा, अनवाणी. त्याने एक हात मांडवाच्या लोखंडी खांबाला टेकला आणि पाय नेमका त्या जोडावर पडला. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता ताठ झाला... आम्ही सगळे बघतच राहिलो. वायरमन काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला. हात भाजला होता, दोन दिवस दवाखान्यात काढले त्याने.

आठवड्याने तो पुन्हा मेसमध्ये आमटी वाढत होता. मी त्याला सॉरी म्हटलं. जोड मीच दिला होता, हेही सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, वायर दिसली असती तर मी पाय दिला नसता ना."

बस्स! हे वाक्य डोक्यातून जाईना. वायर उघडी असते तेव्हा चालणारा स्वतः जपून चालतो. आपण ती झाकली की त्याची सावध राहण्याची संधी आपण काढून घेतो. मग ती सावधगिरी झाकणाऱ्यानेच घ्यायला हवी. ती कशी घेतात, हे बघायला मी लायब्ररीत बसले. (हो, परीक्षा नसताना!)

सर्व्हर रूमची फरशी

वायर लपवणारी जमीन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते, फक्त लक्षात येत नाही. जुन्या काळी कॉम्प्युटर खोलीभर पसरलेले असत आणि त्यांच्या वायरींचं जंगल असायचं. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या खोलीत खोटी जमीन करायची पद्धत पडली. खऱ्या फरशीवर छोटे लोखंडी पाय उभे करतात, त्यावर साधारण ६०० मिमी बाय ६०० मिमीचे चौकोन ठेवतात आणि मधल्या पोकळीतून वायरी आणि एसीची हवा नेतात. सर्व्हर रूममध्ये आजही हेच असतं. याला 'रेझ्ड अ‍ॅक्सेस फ्लोअर' म्हणतात. यातली मजा अशी, की रबरी कप चिकटवून कुठलाही एक चौकोन उचलता येतो, शेजारच्यांना हात न लावता. म्हणजे वायर लपलेली आहे, पण अर्ध्या मिनिटात सापडते.

पण हे पाय मैदानावर कसे उभे करणार? माती खालीवर, आणि वेळ एक रात्र. तिथे कामाला येते एकमेकांत अडकणारी मॉड्युलर टाइल.

कडी आणि खुंटी

मैदानावरच्या समारंभांसाठी मिळणारी साधी टाइल पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असते. साच्यात ओतून केलेली, वर पाणी जायला भोकं, खाली उभ्या-आडव्या रिब्ज. रिब्जमुळे प्लॅस्टिक कमी लागतं आणि ताकद मात्र मिळते. टाइलच्या दोन बाजूंना कड्या असतात, दोन बाजूंना खुंट्या. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, सगळ्या टाइल्स एकाच दिशेला ठेवायच्या आणि पायाने दाबत जायचं. खुंटी कडीत टक्कन बसते. स्क्रू नाही, सिमेंट नाही. मोठ्या गाड्या किंवा भारी स्टेज पेलायला जाड पॅनेल असतात, त्यांच्यात चावीने फिरवायचं कुलूप असतं.

आता खरी अडचण बघा. टाइल्स चारही बाजूंनी अडकल्या म्हणजे जमीन एकसंध होते, कोणी एक टाइल सरकत नाही. पण त्याच कारणाने मधली एक टाइल काढायची तर कडेपासून सोलत यावं लागतं. म्हणजे जोड जितका पक्का, तितकी खालची वायर हाताबाहेर. माझ्या मॅटिंगखालच्या जोडाचं तेच झालं होतं. तो तपासायचा तर शंभर खुर्च्या उचलायला हव्या होत्या, मग कोण तपासतंय!

यावर उपाय म्हणजे वायरीसाठी वेगळी नाली. जमिनीचा बाकी भाग पक्का अडकलेला, आणि त्यातून सरळ जाणारी एक पट्टी, जिचं झाकण स्वतंत्र उघडतं. रस्त्यावरून केबल नेताना टाकतात तो पिवळ्या-काळ्या रंगाचा रबरी उंचवटा तुम्ही पाहिला असेल. त्यातही हेच असतं. खाली नाल्या, वर बिजागरीचं झाकण.

झाकणाचं गणित

त्या उंचवट्यात एक रुंद नाली न करता तीन-चार-पाच अरुंद नाल्या का करतात? सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवा (केटी लागली असेल तर जास्तच आठवेल). दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीच्या मध्यावर भार दिला तर ती किती वाकते, हे अंतराच्या घनावर ठरतं. नाली ५० मिमीऐवजी १०० मिमी रुंद केली की तेच झाकण ८ पट वाकतं! मधे भिंत घातली की पुन्हा ५० मिमी. आपल्या आयएस ८७५ मध्ये पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन भार धरायला सांगितलंय. म्हणजे साधारण ५०० किलो, म्हणजे एका चौरस मीटरवर सात-आठ जण नाचतायत असं समजा. शेवटच्या गाण्याला आपल्याकडे एवढे असतातच!

अरुंद नाल्यांचा दुसरा फायदा साउंडवाल्यांना विचारा. पॉवरची वायर आणि माइकची वायर लांबवर शेजारी-शेजारी गेल्या की स्पीकरमधून ५० हर्ट्झचं 'हम्म्म' येऊ शकतं. म्हणून एका नालीत पॉवर, दुसरीत माइक. एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात.

ऊन, पाणी आणि उष्णता

प्लॅस्टिक उन्हात वाढतं, आणि भरपूर वाढतं. पॉलिप्रॉपिलीन १ अंश तापमानाला स्वतःच्या लांबीच्या दहा हजारांश भागाने किंवा त्याहून जास्तच वाढतं, काँक्रीटच्या जवळजवळ दहापट. सकाळी ३० मीटर लांब जमीन अंथरली आणि दुपारपर्यंत ती २० अंशांनी तापली, तर ती ६ सेंटिमीटर वाढते. ६ सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. मग पायथागोरस लावून बघितला. दोन्ही टोकं भिंतीला घट्ट भिडलेली असतील आणि जमीन मधोमध तंबूसारखी उचलली गेली, तर कागदावर उंची येते जवळपास ९५ सेंटिमीटर! प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण कडी-खुंटीत थोडी सैल जागा मुद्दाम ठेवतात आणि कडेला मोकळी फट सोडतात. पण फट सोडली नाही तर फुगवटे येतात, आणि फुगवट्याखालची नाली तुटते.

पाण्याचं आणखी वाईट. भोकांतून पाणी खाली जातं आणि नाली सगळ्यात खाली असते. म्हणजे आपण वायरीसाठी नाली केली आणि पाण्यासाठी गटार! म्हणून वायर मातीवर टेकू द्यायची नाही, नालीला उतार आणि बाहेर जायला वाट ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम: झाकलेल्या भागात जोड नको. वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवी. जोडायचंच असेल तर जमिनीच्या वर, पाण्यापासून सुरक्षित अशा प्लग-सॉकेटने.

राहिली उष्णता. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. आमचं अंतर ५० मीटर, जाऊन-येऊन १००, म्हणजे ०.७४ ओहम. १० अँपिअर करंट नेला तर आय स्क्वेअर आर म्हणजे ७४ वॉट उष्णता. ५० मीटरवर पसरली तर हाताला कळतही नाही. पण तीच वायर लांब आहे म्हणून भेंडोळं करून एका कोपऱ्यात कोंबली, तर लॅबमधल्या २५ वॉटच्या तीन सोल्डरिंग आयर्न एका डबीत चालू ठेवल्यासारखं होतं. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. बंद नालीत हवा खेळत नाही, म्हणून उघड्यावर जेवढा करंट चालतो त्यापेक्षा कमीच धरायचा. "आता सगळे लाइट एलईडी आहेत, करंट असतोच किती?" असं कोणी म्हणेल. लाइट एलईडी झाले, पण त्याच वायरीवर कूलर आणि फूड स्टॉलची इंडक्शन कोण लावतं? आपणच!

मेसच्या ताटांचा हिशोब

एक प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. बोर्डवर एमसीबी होता, मग तो का पडला नाही? वायरमन काकांनी समजावलं, "अगं पोरी, एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवायला दुसरं यंत्र लागतं."

हिशोब सोपा आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. २३० व्होल्टला हजाराने भागलं की ०.२३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे म्हणजे आणखी एक बल्ब लागल्यासारखं. तो कशाला पडेल? पण हृदयाची लय बिघडायला याच्या निम्माही करंट पुरतो.

ते दुसरं यंत्र म्हणजे आरसीसीबी. ते मेसच्या मॅनेजरसारखं काम करतं. जेवढी ताटं बाहेर गेली तेवढीच परत आली पाहिजेत. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, तर उरलेला कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतं. आमच्या तात्पुरत्या बोर्डवर ते नव्हतं. असतं तर पाणी मारल्यावरच पडलं असतं, आणि आम्ही 'कोणी लाइट घालवली?' म्हणून ओरडलो असतो. तेवढ्यावरच भागलं असतं.

यंदाचा बेत

टाइल्स भाड्याने मिळतात, पण आपल्या गॅदरिंगचं बजेट तुम्हाला माहीत आहेच. म्हणून आम्ही चौघांनी कार्पेंट्री शॉपमध्ये नमुने केले. पाऊण इंची प्लायवूड, ४ फूट बाय ४ फूट, खाली लाकडी पट्ट्या. फर्स्ट इयरला घासघासून केलेला हाफ लॅप जोड आठवतो? पहिल्यांदाच तो कामाला आला! कडेच्या खाचा एकमेकींवर बसतात. मधून ५० मिमीची नाली, वर दोन स्क्रूंचं स्वतंत्र झाकण. टेबलापासून स्टेजपर्यंतच्या वाटेला असे ४१ चौकोन लागतील, म्हणजे ८ बाय ४ चे २१ शीट. ही वाट फक्त पॉवरची, माइकची वायर मैदानाच्या दुसऱ्या कडेने. आत एकच अखंड वायर, अर्थिंगसकट, आणि बोर्डवर आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण कार्यक्रमाआधी वायरमन काका स्वतः दाबणार.

पहिले दोन चौकोन तयार झाले तेव्हा मी मेसमधल्या त्या मुलाला दाखवायला बोलावलं. तो त्यावर उभा राहिला, एक उडी मारली, मग खाली बसून झाकणावरून हात फिरवला. "कुठनं गेलीय वायर?" त्याने विचारलं. मी दाखवलं. तो म्हणाला, "मग इथं रंग मारा की. पिवळा पट्टा. दिसत नाही ती नाही, पण आहे हे तरी कळेल."

आम्ही चौघं इंजिनिअर होणार, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

तर मंडळी, यंदा मैदानावर पिवळा पट्टा दिसला तर तो डेकोरेशनचा भाग नाही हे लक्षात ठेवा. आणि अजून ३९ चौकोन बाकी आहेत! करवत धरता येत नसली तरी चालेल, ब्रश धरता येतोच. दर शनिवारी चार वाजता, कार्पेंट्री शॉप. चहा आमच्याकडून.