ईम गावची नोंदवही

इंग्लंडच्या डार्बीशायर परगण्यात, डोंगराळ मुलखात, ईम नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे कोणी राजा जन्मला नाही, की मोठी लढाई झाली नाही. तरीही या गावाचा इतिहास आजही आदराने सांगितला जातो.

इंग्लंडमध्ये एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीला 'पॅरिश' म्हणतात. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने आज्ञा केली, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी. ही वही कुलूपबंद पेटीत ठेवीत. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या तीन शतकांतील सामान्य कुटुंबांची माहिती मुख्यतः या वह्यांतूनच मिळते. शेतकरी, शिंपी, खाणकामगार अशा साध्या माणसांची नावे त्यांत आढळतात.

ईमच्या नोंदवहीत ७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज व्हिकर्स नावाच्या माणसाच्या दफनाची नोंद आहे. तो शिंपीकाम करी. लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातील पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला, असे परंपरा सांगते. त्यानंतर दफनाच्या नोंदी वाढतच गेल्या.

१६६६ च्या जूनमध्ये गावकऱ्यांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. पळून जावे, तर रोग शेजारच्या गावांत जाणार. राहावे, तर मृत्यू समोर दिसत होता. विल्यम मॉम्पेसन हे तेव्हाचे धर्मोपदेशक. त्यांच्या आधीचे टॉमस स्टॅन्ली यांना धार्मिक मतभेदामुळे १६६२ साली ते पद सोडावे लागले होते. परंतु लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून गावकऱ्यांना विनविले, की कोणीही सीमा ओलांडू नये. गावाने ते मानले.

मग प्रार्थना चर्चमध्ये न होता उघड्या दरीत होऊ लागली. प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपल्याच शेतात वा बागेत पुरावेत, असे ठरले. शेजारचे लोक सीमेवर अन्न ठेवून जात. तेथील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर भरून गावकरी त्यात नाणी टाकीत, म्हणजे नाण्यांवाटे रोग जाऊ नये.

एलिझाबेथ हॅनकॉक या शेतकरी स्त्रीने ऑगस्टमधील आठ दिवसांत आपला पती व सहा मुले आपल्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन हिने मुलांना दूर पाठविले, परंतु ती स्वतः पतीजवळ राहिली. त्याच महिन्यात तिचाही अंत झाला. नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ संपली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे दगावली. परंतु साथ गावाच्या सीमेपलीकडे फारशी पसरली नाही.

गावात साडेतीनशेच माणसे होती, असे पूर्वी सांगत. अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा वस्ती त्याहून बरीच मोठी होती, असे दिसून आले. दंतकथेतील चूक अशी नोंदींनी सुधारता येते. परंतु नोंदवहीलाही मर्यादा आहे. तीत मृतांची नावे व तारखा आहेत. खड्डे खणणाऱ्या आईचे दुःख तीत नाही. ते गावाने आपल्या स्मरणात जपले. म्हणून इतिहास लिहिणाऱ्याला लेखी नोंद आणि लोकांची आठवण या दोहोंचा आधार घ्यावा लागतो.

आजही ईममधील जुन्या घरांवर तेथे मरण पावलेल्यांच्या नावांचे फलक आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी त्यांचे स्मरण करतात. इतरांचे प्राण वाचावेत म्हणून आपल्याच सीमेत थांबलेली ही साधी माणसे होती. त्यांची नावे कोणीतरी वहीत नीट लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहेत.