शेजाराचा हिशेब : प्रथिनांतील संपर्कांची सत्तर वर्षे

2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना जाहीर झाले, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेची. त्या यशाच्या पायाशी असलेला जुना, साधा प्रश्न मात्र बाजूला राहिला : घडी घेतलेल्या प्रथिनात कोणते अमिनो आम्ल कोणाच्या शेजारी येते? या प्रश्नामागे संशोधकांची सत्तर वर्षे गेली आणि त्या काळात प्रश्नाची दिशाच उलटली. आधी रचना हाती असे आणि तिच्यातून शेजारी शोधले जात. पुढे शेजारी ओळखून त्यांच्यावरून रचना उभी केली जाऊ लागली.

प्रथिन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात गुंफलेल्या प्रत्येक घटकाला रेसिड्यू म्हणतात. साखळी घडी घेते तेव्हा क्रमाने फार लांब असलेले रेसिड्यू, समजा दहावा आणि दीडशेवा, एकमेकांना टेकतात. ही जवळीक अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. सिस्टिनच्या जोडीतील दोन गंधक अणू सुमारे 2.05 अँगस्ट्रॉमवर बांधलेले असतात, हायड्रोजन बंधाची दोन टोके तीनेक अँगस्ट्रॉमवर, तर विरुद्ध विद्युतभारांचे गट साधारण 4 अँगस्ट्रॉमच्या आत. तेलकट, पाण्याला टाळणारे रेसिड्यू प्रथिनाच्या गाभ्यात एकमेकांना खेटून बसतात.

या अभ्यासाचा पहिला मोठा टप्पा मद्रासचा. 1954 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करथा यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी तिच्यावर आक्षेप घेतला, की या आराखड्यात काही अणू वाजवीपेक्षा जास्त जवळ आले आहेत. पण वाजवी म्हणजे नेमके किती, हे तेव्हा कोणी नीट ठरवलेले नव्हते. रामचंद्रन यांनी आक्षेप झटकून टाकला नाही. तोवर उकललेल्या स्फटिकरचना चाळून, बंध नसलेले दोन अणू किती जवळ येऊ शकतात याच्या मर्यादा त्यांच्या गटाने काढल्या. प्रत्येक जोडीसाठी दोन आकडे ठरले : एक नेहमीची मर्यादा आणि दुसरी अगदी टोकाची. कार्बन-कार्बनसाठी ते 3.2 आणि 3.0 अँगस्ट्रॉम होते.

1963 मध्ये रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी याच मर्यादा लावून साखळीच्या दोन वळणकोनांचा नकाशा काढला. नेहमीच्या मर्यादा पाळल्या तर नकाशाचा जेमतेम 7.5 टक्के भाग मोकळा राहतो, टोकाच्या मर्यादांपर्यंत गेले तर 22.5 टक्के. बाकी सगळीकडे अणू एकमेकांवर आदळतात. रामचंद्रन आलेख म्हणून जगभर शिकवला जाणारा हा नकाशा मुळात संपर्कांचाच अभ्यास आहे. कोणी कोणाजवळ यावे हे तो सांगत नाही. कोणी कुठवर येऊ नये एवढेच सांगतो. आजही नवी रचना तपासताना पहिली चाळणी याच आलेखाची लागते.

मोजणीचे युग त्यानंतर आले. लायसोझाइम या प्रथिनाची रचना उकलणारे डेव्हिड फिलिप्स यांनी 1970 च्या सुमारास रेसिड्यूंमधील अंतरांचा चौकोनी आलेख वापरला. दोन्ही बाजूंना साखळीचे क्रमांक मांडायचे आणि जी जोडी जवळ असेल तिच्या चौकटीत ठिपका द्यायचा. वाचायला शिकले की हा नकाशा खूप काही सांगतो : कर्णाला चिकटलेला जाड पट्टा म्हणजे अल्फा मळसूत्र, कर्णाला समांतर रेघ म्हणजे एकाच दिशेने धावणारे बीटा पट्टे, कर्णाला काटकोनात जाणारी रेघ म्हणजे उलटसुलट धावणारे. त्रिमितीतली गुंतागुंत एका सपाट कागदावर उतरली.

1971 मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त 7 रचना होत्या. हळूहळू साठा वाढला आणि मोजणीला वजन आले. 1985 मध्ये सानझो मियाझावा आणि रॉबर्ट जर्निगन यांनी रचनांमध्ये कोणती जोडी किती वेळा शेजारी दिसते हे मोजून सर्व 210 जोड्यांना ऊर्जेचे आकडे दिले. तेलकट जोड्या सर्वांत भक्कम ठरल्या. मात्र 1996 मध्ये पॉल थॉमस आणि केन डिल यांनी बजावले, की एखादी जोडी वारंवार दिसते म्हणजे तिच्यातले आकर्षण तेवढेच आहे असे नाही. इतरांच्या रेट्यामुळेही दोघे शेजारी येऊ शकतात. हा इशारा आजही लागू आहे.

1998 मध्ये केविन प्लॅक्सको, किम सिमन्स आणि डेव्हिड बेकर यांनी एक देखणे सूत्र दाखवले. ज्या लहान प्रथिनांत संपर्क साखळीत जवळच्याच रेसिड्यूंचे असतात ती झटपट घडी घेतात. दूरच्यांचे संपर्क जास्त असतील तर घडीला वेळ लागतो. एम. मायकेल ग्रोमिहा आणि एस. सेल्वराज यांनी 2001 मध्ये दूरच्या संपर्कांवरूनच घडीचा वेग ताडणारे माप मांडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रामचंद्रन यांनीच उभ्या केलेल्या विभागात, सरस्वती विश्वेश्वरा यांनी प्रथिनाकडे जाळे म्हणून पाहिले : रेसिड्यू म्हणजे गाठी, संपर्क म्हणजे धागे. कोणती गाठ सुटली तर जाळे विसकटेल, हे गणिताने विचारता येऊ लागले.

एक संपर्क किती महागात पडू शकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल आजार हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवरून सुरू होतो. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी तेलकट व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या, फेनिलअॅलनिन 85 आणि ल्युसिन 88 यांनी बनलेल्या खाचेत जाऊन बसते. निरोगी हिमोग्लोबिनमध्ये नसलेला हा एक नवा शेजार रेणूंचे लांब तंतू बनवतो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

आता उलटा प्रवास. शेजारी माहीत असतील तर रचना काढता येते, हे कुर्ट व्यूथ्रिक यांनी 1980 च्या दशकात एनएमआर या चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने सिद्ध केले. सुमारे 5 अँगस्ट्रॉमच्या आतले हायड्रोजन अणू एकमेकांची चाहूल देतात. अशा शेकडो जोड्या जमवल्या की घडी आपोआप आकाराला येते. व्यूथ्रिक यांना 2002 चे नोबेल मिळाले. पण या जोड्या प्रयोगशाळेत मोजाव्या लागत. त्या नुसत्या क्रमावरून कळतील का?

या प्रश्नाच्या उत्तराचा धागा उत्क्रांतीत सापडला. दार बदलले की चौकटही बदलावी लागते, तसेच एकमेकांना टेकलेल्या रेसिड्यूंपैकी एक बदलला तर दुसराही बदलण्याचा कल असतो. 1994 मध्ये ख्रिस सँडर, अल्फोन्सो व्हॅलेन्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुळातील प्रथिनांचे क्रम शेजारी मांडून अशा जोड्या शोधल्या. अडचण अशी की अ आणि ब शेजारी, ब आणि क शेजारी असतील तर अ आणि क हेही शेजारी असल्याचा भास होतो. सांख्यिकी भौतिकीतील पद्धत आणून मार्टिन वाइग्ट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये खरे शेजारी आणि भास वेगळे केले. 2011 मध्ये डेबोरा मार्क्स, सँडर आणि सहकाऱ्यांनी केवळ क्रमांवरून काढलेल्या संपर्कांतून प्रथिनांच्या घड्या उभ्या करून दाखवल्या. जनुकसंचांचे वाचन स्वस्त होऊन लाखो क्रम हाती आले होते म्हणूनच हे शक्य झाले.

पुढची झेप मोठी होती. 1994 पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या कॅस्प या भाकीत-परीक्षेत अवघड प्रथिनांच्या दूरच्या संपर्कांबाबत सर्वोत्तम गटाची अचूकता 2014 मध्ये सुमारे 27 टक्के होती. ती 2016 मध्ये 47 आणि 2018 मध्ये 70 टक्क्यांवर गेली. जिनबो शू यांच्या गटाने संपर्कनकाशाकडे चित्र म्हणून पाहिले आणि चित्रे ओळखणारी खोल न्यूरल जाळी त्यावर वापरली, हे त्यातले निर्णायक पाऊल. 2018 च्या अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ‘शेजारी आहे की नाही’ याच्या पुढे जाऊन 2 ते 22 अँगस्ट्रॉमपर्यंतची अंतरे वर्तवली; 2020 च्या आवृत्तीने थेट रचनाच दिली. 2022 च्या कॅस्पमध्ये संपर्क-भाकीताचा स्वतंत्र विभागच उरला नाही.

म्हणून संपर्कांचा अभ्यास संपला, असे समजणे मात्र चूक ठरेल. कोण कोणाशेजारी आहे हे बऱ्याच अंशी कळू लागले. ते शेजारी का टिकतात, एक बदलला तर ऊर्जेत किती फरक पडतो, प्रथिन हलते तेव्हा कोणता संपर्क तुटून कोणता जुळतो, ही उत्तरे एका स्थिर चित्रातून मिळत नाहीत. सिकलसेलसारख्या एका अक्षराच्या बदलाचे परिणाम नेमके सांगणे अजून कठीणच आहे.

जो विद्यार्थी आज हे काम हाती घेईल त्याने जुनी शिस्त सोडू नये. संपर्क निसर्गाने आखून दिलेला नाही, मर्यादा आपण ठरवतो. दोन रेसिड्यूंच्या बीटा कार्बनांमधले 8 अँगस्ट्रॉम आणि त्यांच्या कोणत्याही दोन जड (हायड्रोजन सोडून इतर) अणूंमधले साडेचार अँगस्ट्रॉम यांतून निघणाऱ्या याद्या एकसारख्या नसतात. म्हणून कोणते अणू धरले, किती अंतर घेतले, क्रमातले किती जवळचे रेसिड्यू वगळले, हे निकालाआधी लिहावे. रचना प्रयोगातली असेल तर तिचे रेझोल्यूशन आणि भाकीतातली असेल तर त्या त्या भागाचा विश्वासांक पाहूनच मोजणीला बसावे. रामचंद्रन यांनी टीकेला उत्तर देताना आधी मर्यादा ठरवल्या आणि मगच नकाशा काढला. या क्षेत्रात तो क्रम अजूनही बदललेला नाही.