शाळेतल्या टीव्हीची किल्ली कोणाकडे?

मैत्रिणींनो, नुसती वही आणली म्हणून आपल्या गटाची बचत होत नाही. बैठकीला ती उघडावी लागते, आणि नेमाने लिहिणारी कोणीतरी लागते. शाळेतल्या टीव्ही-संगणकाचंही तसंच आहे. वस्तू देणगीतून येते. ती रोज वापरात आणणं हे मुख्याध्यापकांचं काम.

एक उदाहरण बघा. पुण्याच्या बालभारतीने काढलेल्या पुस्तकांत काळे-पांढरे चौकोन छापलेले असतात. त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलवरच्या दीक्षा ॲपने तो स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो, तोही फुकट. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला असे कोड जोडले होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

आता कोड गावोगावच्या पुस्तकांत आहेत. तरी एका शाळेत मुलं त्यावर शिकतात आणि दुसरीकडे टीव्ही कपाटात बंद असतो. असं का? चांगले मुख्याध्यापक चार गोष्टी ठरवून टाकतात:

• कोणत्या वर्गाला कोणत्या तासाला टीव्ही, हे वेळापत्रकातच लिहितात.
• ज्या शिक्षकाला जमतं, त्याच्याकडून बाकीच्यांना शिकवून घेतात.
• रेंज नसेल तर व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवतात. घरी फोन नसलेलं मूलही मग मागे पडत नाही.
• लाईटबिल आणि दुरुस्तीची तजवीज वर्षाच्या सुरुवातीलाच करतात.

यात आपलं काय काम? तर ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे विचारायचा हक्क आपला आहे.

समितीवर असलेल्या ताईंनी पुढच्या सभेत तीनच प्रश्न विचारावेत: टीव्ही आठवड्यातून किती तास चालतो? किल्ली कोणाकडे असते? ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना त्याचा काय उपयोग झाला?

भांडायला जायचं नाही. सर एकटे पडले असतील तर ग्रामपंचायतीकडे लाईटबिलाचा विषय आपण मांडू. उत्तरं मात्र सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. कागदावर आलेलं काम पुढच्या सभेत पुन्हा विचारता येतं, हे आपल्याला गटानेच शिकवलंय.